खोलीत बोललेलं सगळं

ईशान, मीरा,

नागपूरचं घर सोडलं त्या सकाळी माझ्या आईने माझी ओटी भरली, नारळ पदरात नीट बसवला आणि एकच गोष्ट सांगितली, "दोघं बोलत असले की मध्ये तोंड घालू नकोस. परका देश आहे." तुमचे आजोबा लीड्सच्या हॉस्पिटलात आधीच रुजू झाले होते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलेली, मनात म्हटलं, मला काय अडणार आहे? रिक्षा वळेपर्यंत आई फाटकाशी उभी होती. हात तेवढा हलवला नाही तिने.

आता आई नाही, आजोबाही नाहीत. तुमचे बाबा भारतात पुण्याला राहायला गेले, मी इथेच राहिले. आणि करते काय, तर दोघांच्या मध्ये बोलते. पोलिसांना मराठी माणसाशी बोलायचं असलं की मला बोलावतात. मीरा, तू परवा व्हिडिओ कॉलवर म्हणालीस, "आजी, तिकडे एकटी काय करतेस? ये ना घरी." त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांना शालन म्हणू. खरं नाव आमच्या कामात बाहेर काढायचं नसतं. शालन साताऱ्याकडून लेकीच्या बाळंतपणाला आली होती. एके दिवशी घरी बाळ तपासायला येणाऱ्या नर्सला बाळाच्या पोटावर भाजल्याचा लाल डाग दिसला. बाळ हॉस्पिटलात गेलं आणि आजी पोलीस स्टेशनात. जावई म्हणाला, मी सांगतो इंग्रजीत. पण घरच्या माणसाला दुभाषा होऊ देत नाहीत, म्हणून मला फोन आला. बाळ आईजवळ परत जाणार की नाही, हे बरंचसं त्या खोलीतल्या बोलण्यावर ठरणार होतं. शालनला ते माहीत होतं. मलाही.

मी सुरुवातीलाच तिला मराठीत सांगितलं, "इथे जे बोललं जाईल ते सगळं मी इंग्रजीत सांगणार. काही गाळणार नाही, माझं काही घालणार नाही." तिने मान डोलावली आणि लगेच विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या? आडनाव काय तुमचं?" मी तेही इंग्रजीत सांगितलं. समोर बसलेली पोलीसबाई हसली. शालन माझ्याकडे बघतच राहिली.

वकील हवा का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "वकील कशाला? मी काय चोरी केलीय?" तेही सांगितलं.

"बाळाला काय झालं, लव्ह?" पोलीसबाईने विचारलं. या गावात सगळेच एकमेकांना लव्ह म्हणतात. मी त्याचं "बाई" केलं.

शालनने हात जोडले. "माझंच चुकलं हो. लेकीला काही बोलू नका."

आपल्याकडे हे वाक्य किती सहज येतं. पाहुण्याच्या पानात मीठ वाढायचं राहिलं तरी आपण म्हणतो. पण रेकॉर्डिंग चालू असलेल्या त्या खोलीत त्याचं इंग्रजी झालं तेव्हा ते कबुलीजबाबासारखं वाजलं. आणि दुभाष्याला "ती म्हणते" असं म्हणायचं नसतं, "मी" म्हणायचं असतं. म्हणजे चूक माझी, असं मीच म्हणत होते. पोलीसबाईचं पेन थांबलं.

आम्हाला एक मुभा असते. गैरसमज होतोय असं वाटलं, तर तेवढं बोलता येतं, दोन्ही बाजूंना कळेल असं. मी दोन्ही भाषांत सांगितलं, "हे मी दुभाषी म्हणून बोलते आहे. मराठीत हे वाक्य गुन्हा नसतानाही म्हणतात. नेमकं काय चुकलं, ते विचारावं." त्यापलीकडे एक शब्द नाही. डाग शेकाचा असावा, हे मी ओळखलं होतं; बाळाला शेक कसा देतात ते मला पाठ होतं, तुमच्या बाबांना मीच दिलाय. पण ते सांगणं माझं नव्हतं.

शालन सांगू लागली. तव्यावर सुती कापडाची घडी गरम करायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग बाळाच्या पोटाला. सांगताना तिचा हात गालावर गेला. पोलीसबाईचाही गेला, तिच्या नकळत.

"आणि त्या दिवशी?"

शालनने गालावरचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी कुकर लावत होते. शेक लेकीने दिला. रात्रभर झोप नव्हती तिला. गालाला लावून बघायचं असतं, हे मी तिला शिकवलंच नाही." मग माझ्याकडे वळून अगदी हळू, "ताई, हे नका सांगू त्यांना. पाया पडते तुमच्या."

मी सांगितलं. सगळं. "पाया पडते"सुद्धा.

तिला इंग्रजी येत नव्हतं, पण 'डॉटर' एवढा शब्द कळला. "सांगितलंत?" ती म्हणाली. मग, "आपल्यातल्या ना तुम्ही?" हे दोन्ही प्रश्नही मी इंग्रजीत सांगितले. उत्तर देण्याची मला परवानगी नव्हती.

घरी येताना बसमध्ये मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. मला आई आठवत होती. ते वाक्य मी गाळलं असतं, तर? तर पोलिसांपुढे खोटं राहिलं असतं आणि खोट्याचा आवाज माझा असता. आजही मी तेच करीन. पण त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

पुढे कळलं, डाग कापडाच्या घडीच्या कडेशी जुळला. अपघात आहे असं ठरलं, बाळ घरी आलं, नर्स काही दिवस येत राहिली.

शालन परत जाण्याआधी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला आली होती, लेक आणि बाळासकट. मी बाजूने निसटणार होते, तर तिने वाट अडवली.

"काय ताई, आता कुणाला इंग्रजीत नाही ना सांगणार?"

"नाही. इथे मी कामावर नाही."

"मग ऐका." तिने माझा दंड धरला आणि कानाशी तोंड आणून बोलत राहिली. शेवटी म्हणाली, "ते पोलिसातलं खुशाल सांगा नातवंडांना. हे मात्र नाही."

मीरा, तू घरी ये म्हणतेस. येईन, दिवाळीला येईन. पण आईचं ते नागपूरचं फाटक सुटलं, तेव्हापासून मी घर पत्त्यावरून ओळखत नाही. जिथे बोललेलं तिथेच राहतं, ते घर. त्या हॉलमध्ये, घडीच्या खुर्च्यांच्या रांगेत, शालनने मला थोडा वेळ घर दिलं.

ती काय म्हणाली, ते तुम्हालाही सांगणार नाही.

तुमची आजी