ओढू नका म्हणणारी अमीरबी

तर आकाराम ट्रॉलीवरनं खाली आला, इथवर काल आलो होतो. जेवायची हाक आली म्हणून त्याला तसाच रस्त्यावर टाकून उठलो. आता पुढचं ऐका.

आकाराम म्हणजे माझा धाकटा भाऊ. साल अठ्ठ्याण्णव, ऐन गळिताचा हंगाम. नेसरीच्या स्टँडजवळ उसाच्या ट्रॉलीचा दोर सैल दिसला, म्हणून पन्नाशीचा हा गडी आवळायला वर चढला. ट्रॅक्टर थांबू तरी द्यावा की नाही? धक्का बसला, गडी खाली. डावी नडगी अशी वाकली, की देवानं जिथं सांधा दिला नाही तिथं नवा सांधा फुटल्यागत दिसायला लागली.

क्षणात पन्नास माणसं जमली, आणि पन्नासच्या पन्नास डॉक्टर! एक म्हणतो हळद तापवा, दुसरा म्हणतो चोळा. आमचे चुलते गणपती वस्ताद पुढं झाले. तालमीतल्या पोरांची बोटं-मनगटं ओढून बसवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यातली नीट किती बसली, हे कुणी मोजलं नव्हतं.

"टाच धर रं," ते मला म्हणाले. "मी गुडघा धरतो. एक हिसका, की हाड जाग्यावर."

आणि मी शहाणा, धरली की टाच!

तोच मनगटाला असं काही टोचलं, की मी टाच सोडून मागं कोलमडलो. वर बघतो तर गादी शिवायच्या दाभणाचं टोक माझ्यावर रोखून अमीरबी उभी. स्टँडसमोर तिचं दुकान. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हा तिचा धंदा. बाई काडीएवढी, आवाज भोंग्याएवढा.

"अण्णा, परत हात लावला तर आरपार घालीन. भाऊ हाईस का वैरी?"

"अगं, पाय सरळ करतोय."

"सरळ करायला ती काय छत्रीची काडी हाय?"

वस्ताद तापले. "ए भाबी, तू गाद्या शिव. हाडाचं आमास्नी शिकवू नगंस."

"व्हय? मग माझ्या दारात येऊन बघा की तुमची करणी."

वस्तादांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. सात वर्षांमागं तिचा नवरा इलाही कौलं सारताना छपरावरून पडला होता. चौघांनी असाच पाय ओढला, त्यात वस्तादही होते. हाड कातडी फाडून बाहेर आलं, मग पू झाला. गडहिंग्लजच्या दवाखान्यात तीन महिने गेले. पाय राहिला, पण गुडघा कायमचा ताठ. त्या तीन महिन्यांत अमीरबीनं खाटेशेजारी बसून तिथल्या सिस्टरला प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. तेवढंच तिचं शिक्षण.

"सरळ बघून दोन ऊस काढा," ती म्हणाली. एकानं पाला साळून एक दिला. दुसऱ्या उसाला एका बहाद्दरानं दात लावला!

"अरं रेड्या, त्यो पायासाठनं हाय, तुझ्या तोंडासाठनं न्हाय!"

तिनं एक उशी फाडली. पाय होता तसाच ठेवला, पोकळी होती तिथं कापूस भरला. मांडीपासून टाचेच्या खालपर्यंत दोन्ही अंगांना ऊस, मधे कापसाचा थर, आणि गादीच्या कापडाच्या पट्ट्या. मोडल्या जागेवर एकही गाठ नाही, गाठी वर आणि खाली. प्रत्येक गाठीनंतर बोटं चाचपायची. "मुंग्या येत्यात? हालीव बघू." बोटं गार लागली तशी एक गाठ सैल केली.

एकजण प्रेमानं चहा घेऊन आला. तिनं तो गटारात ओतला. "आपरेशन करायचं ठरलं तर? पोटात काय बी नगं."

दुसरा मोटारसायकल घेऊन आला. "मधी बसवू, तिब्बल शीट!"

"लटकत्या पायानं? तूच लटक तिकडं."

"मला कुणीतरी इचारा की!" आकाराम खालून ओरडला. त्याला कोण विचारतोय? फळीवर उचलला, जीपमध्ये आडवा घातला, गडहिंग्लज गाठलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालची दोन्ही हाडं मोडलीत, ओढलं असतं तर टोकानं शीर तुटली असती आणि पाय गेला असता. पाच महिन्यांनी आकाराम आपल्या पायानं शेतावर गेला.

आता गाव शहाणं व्हायला पाहिजे होतं की नाही? झालं भलतंच. अमीरबीच्या हाताला गुण आहे अशी आवई उठली. लोक सुजलेले हातपाय घेऊन गादीच्या दुकानात यायला लागले. गडहिंग्लजची माणसं तिथल्या दवाखान्यावरनं यष्टीनं नेसरीला यायची! कपाळ बडवावं तेवढं थोडं.

एक दिवस खुद्द आकाराम आपल्या मेहुण्याला घेऊन आला. मनगट दोन दिवसांचं सुजलेलं, बगलेत तेलाची बाटली. मीही सोबत होतो, आणि माझी अक्कल बघा, मीच म्हणालो, "भाबी, बसवून टाक की. तुला येतंय."

तिनं पाव्हण्याचा हात फडक्यात गळ्याला अडकवला, बोटं चाचपली आणि माझ्याकडं वळली.

"अण्णा, मी आकारामचं हाड बसवलं न्हाय. तुमचं हात बाजूला केलं, एवढंच केलं. आता ह्यास्नी घेऊन गडहिंग्लजच्या साडेदहाच्या यष्टीत बसा, दुखरा हात खिडकीकडं करून बसवा, म्हंजी कुणाचा धक्का लागायचा न्हाय. आणि ती तेलाची बाटली हितंच ठेवून जावा. माझं कापूस पिंजायचं मशीन लई कुरकुरतंय."