जोशीबुवा घराचा मुहूर्त देत नसत

सन १९९३. श्रावण सरत आला होता. त्या वर्षी भादवे दोन होते, म्हणजे श्रावणाच्या मागून लगेच धोंड्याचा महिना. एवढं मी पक्कं सांगू शकतो. बाकीच्या किश्श्यांच्या तारखा मला विचारू नका. माझ्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. उघडलेल्या घड्याळांतून उरलेले स्क्रू, काटे, काचा त्यात पडत गेल्या. कोणत्या घड्याळाचं काय, ते आता सांगता येत नाही. किस्से तसेच साठलेत.

मी घड्याळवाला. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमच्या तीन पिढ्यांनी घड्याळं उघडली. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू. मराठी मी दुकानांच्या पाट्या आणि पंचांग वाचून शिकलो. कोणाला शिकवायला सांगितलं नाही.

पंचांग शेजारच्या जोशीबुवांचं. गंगाधरबुवा जोशी, मूळचे देगलूरचे. एकच पत्र्याचं छप्पर, अर्ध्याखाली माझं काउंटर, अर्ध्याखाली त्यांचा ओटा. मी त्यांना बुवा म्हणे, ते मला उस्ताद. कुठलाही मुहूर्त साधायचा असला की ते माझ्या घड्याळाकडे बघत. शेजाऱ्यांत एवढा विश्वास पुरतो.

तर त्या श्रावणात किल्लारीच्या अंगाचा एक माणूस आला. दत्तोबा नाव. सोबत सहा वर्षांची पोर, सुनंदा. ती माझ्या काउंटरच्या काचेला नाक लावून घड्याळं बघत राहिली. दत्तोबानं गावात नवं घर बांधलं होतं. काळा दगड, हातभर रुंद भिंती, वर मातीचं माळवद. तोवर सगळे शेतातल्या पत्र्याच्या शेडात राहायचे. त्याला दिवाळीनंतरचा मुहूर्त पाहिजे होता. बुवांनी पंचांग चाळलं. कशाला थांबता, म्हणाले, धोंडा लागायच्या आत उरकून घ्या, श्रावणातला दिवस चांगला निघतोय. दत्तोबानं मान डोलावली. दक्षिणा म्हणून तांब्याचा एक जुना तांब्या ठेवला, घरचे तांदूळ भरून.

अनंत चतुर्दशीला गणपती बुडाले आणि पहाटे जमीन हलली. माझ्या दुकानात भिंतीवरची सात घड्याळं खाली आली. दुरुस्तीला आलेली होती, म्हणून सातांत सात वेळा दिसत होत्या. दत्तोबाचं घर घरच्यांना घेऊन खाली बसलं. शेतातलं पत्र्याचं शेड उभं होतं. सुनंदा तेवढी वाचली, कारण ती गणपती बघायला लातूरला आत्याकडे आली होती.

बुवांनी तांब्या घासून फळीवर पालथा ठेवला. त्यानंतर ते लग्नाचा मुहूर्त देत, मुंजीचा देत, बोअर पाडायचासुद्धा देत. घराचा देत नसत. तांब्या त्या पोरीच्या हातात परत जाईल तेव्हा बघू, असं एकदा मला म्हणाले. पण आत्याचं कुटुंब नांदेडकडे निघून गेलं होतं. कुठं, ते कोणाला सांगता येईना.

*

मुदखेडहून एक म्हातारी नातवाची पत्रिका मांडायला आली. भूकंपाच्या पुढच्या उन्हाळ्यात. जन्मवेळ विचारली तर म्हणाली, "हैदराबादची गाडी शिट्टी देऊन राहिली होती बघा."

गाडीची वेळ बुवांना पाठ होती. पण त्या दिवशी गाडी वेळेवर होती का? बुवांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आधी गाडीची पत्रिका मांडा.

बुवांनी दुपारभर बसून तीन पत्रिका मांडल्या. गाडी वेळेवर असेल तर पोरगा व्यापारात पडेल. दोन तास लेट असेल तर परमुलखात जाईल. चार तास लेट असेल तर सरकारी नोकरी.

म्हातारी डोळे मिटून बसली. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी उठेना. मला वाटलं, झोपली. मग डोळे उघडून म्हणाली, "चार तास लेट. आता आठवलं मला."

*

त्या दिवसांत सगळ्यांचा एकच सवाल होता, पुन्हा कधी? आमच्या गल्लीतले कापडवाले शेठ रोज येऊन विचारायचे. बुवा म्हणायचे, पहिला कळला नाही, दुसरा कुठून कळणार? शेठला राग आला. ते दुसऱ्या एका ज्योतिषाकडे गेले. त्यानं तारीख दिली, शांतीही सांगितली. शेठनं शांती केली, वर त्या दिवशी बायकापोरं आणि गल्ल्याची पेटी घेऊन मोकळ्या रानात जाऊन बसले. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ ओट्यावर आले आणि मांडी घालून म्हणाले, "बघा बुवा, टाळला की न्हाई त्यानं?"

बुवा म्हणाले, "टाळला, शेठ. आमच्याकडून टळला न्हाई."

शेठ चहा न घेता गेले.

*

पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं. सकाळीच. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लोक दारं लावून बसले होते. मी ग्रहणाची नमाज पढून आलो आणि दुकान उघडलं. बुवा उपाशी, ओट्यावर जप करत बसलेले.

आमच्या ओट्यासमोर एक कडुनिंब होता. त्याच्या पानांतून ऊन खाली पडतं ते गोल गोल कवडशांनी. त्या सकाळी प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला. ओट्यावर कोरी, पायरीवर कोरी, बुवांच्या धोतरावर कोरी. माझ्या काउंटरवर पन्नासेक घड्याळं होती, प्रत्येकाच्या काचेवर एकेक कोर. वारा आला की सगळ्या हलायच्या. उजेड पाण्याखालच्यासारखा झाला. कुठंतरी कोंबडा आरवला. मला टिकटिक ऐकू येईना, म्हणून मी एक घड्याळ कानाला लावून बघितलं. चालू होतं.

बुवांनी जप थांबवला. म्हणाले, हे ग्रहण आपल्या लोकांनी कधीपासूनच गणित करून लिहून ठेवलंय. मिनिटाचाही फरक नाही. मी माझ्या घड्याळाशी ताडून बघितलं. खरंच नव्हता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "उस्ताद, आभाळातलं एवढं कळतं. पायाखालचं मला का दिसलं न्हाई?"

मी घड्याळवाला. मी हातातलं घड्याळ पुन्हा कानाला लावलं. कोरी हळूहळू भरत आल्या आणि पुन्हा गोल झाल्या.

*

बुवांची बायको, त्यांना सगळे काकू म्हणत. काकूंनी पैशाला पैसा जोडून औसा रोडला एक प्लॉट घेतला होता. घर बांधायचं तर वास्तूचा मुहूर्त पाहिजे. बुवा स्वतःला देईनात आणि दुसऱ्या जोशाकडे काकूंना जाऊ देईनात. भाड्याची खोली सुटेना. प्लॉटवर बाभळी उगवल्या.

डब्यातली भाकरी घेऊन आल्या की काकू मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जगाच्या घरात ग्रह बसवून राहिलेत. आमच्या ग्रहांना तेवढं घर न्हाई."

बुवा भाकरी खात. एकदा मात्र म्हणाले, "पत्र्याचं शेड मारू का?"

काकूंनी डबा उचलला. पुढं दोन वर्षं त्यांनी घराचं नाव काढलं नाही.

*

एकदा बुवा तांब्या पिशवीत घालून एसटीनं नांदेडला गेले. कोणीतरी सांगितलं होतं की सुनंदाच्या आत्याचे यजमान विष्णुपुरीच्या धरणावर कामाला आहेत. दिवस मावळायला परत आले. मी विचारलं, भेटली का पोर?

म्हणाले, "पाणी लई हाय, उस्ताद."

मला कळेना. मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या नावाचं तिथं कोणी नव्हतं. धरणाच्या कडेला बसले. गोदावरी एवढी भरलेली की पलीकडचा काठ आभाळात गेल्यासारखा दिसत होता. बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात दत्तोबा पाण्यावरून चालत आला आणि तांब्या मागितला. बुवांनी पुढं केला तर तो घेईना. रिकामं भांडं कोणी परत देतं का, म्हणाला.

ती रीत आमच्याकडेही आहे. शेजारणीचं भांडं परत द्यायचं तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. बुवांनी मला विचारलं, यात काय घालून द्यावं? मी रात्रभर विचार केला. सकाळी त्यांना सांगितलं, मला माहीत नाही.

*

मग लातूरला क्लासेस आले. आमच्या गल्लीत आधी अडत्ये होते, आता मेस आणि हॉस्टेलं झाली. बुवांकडे येणारा प्रत्येक बाप एकच विचारी, मेडिकल की इंजिनिअरिंग? माझ्याकडे येणारं प्रत्येक पोर हातातलं घड्याळ पुढं करून म्हणे, चाचा, परीक्षेच्या आधी द्या.

एका शनिवारी गल्लीच्या तोंडाशी एका क्लासची मोठी परीक्षा होती. पास होणाऱ्याला फी माफ. साडेनऊला गेट लागणार होतं. एसटीनं आलेले पन्नासेक पालक नऊनंतर पोचले आणि पोरांना हाताला धरून रस्त्यावर उभे राहिले. शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ! पाऊल आत टाकायला कोणी तयार होईना. क्लासच्या एक तरुण मॅडम गेटापाशी हुज्जत घालत होत्या. एक बाप त्यांना म्हणाला, "मॅडम, तुमचं गेट उद्या उघडंल. पोराचं नशीब उघडायचं न्हाई."

कोणीतरी बुवांना बोलावून आणलं. मीही गेलो. बुवांनी मला वेळ विचारली. मी म्हटलं, नऊ चोवीस. बुवांनी सूर्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "राहू रस्त्यावर असतो. छपराखाली त्याला बंदी हाय. पळा आत!"

दोन मिनिटांत रस्ता मोकळा झाला.

परत येताना मी विचारलं, हे कोणत्या ग्रंथात आहे?

"आजपासून माझ्या," बुवा म्हणाले.

गेटापाशी त्या मॅडमनी बुवांचं नाव विचारून घेतलं होतं. नाव ऐकल्यावर त्या हसायच्या थांबल्या. ते मी बघितलं होतं.

*

आठ दिवसांनी त्या मॅडम ओट्यावर आल्या. आधी माझ्या काउंटरपाशी थांबून घड्याळं बघत राहिल्या. मला ओळख पटली नाही. मग चपला काढून बुवांच्या समोर बसल्या आणि घराचा मुहूर्त मागितला.

बुवांनी नेहमीचं सांगितलं. घराचा मी देत नाही, पुढच्या गल्लीत जा.

त्या म्हणाल्या, "मला तुमच्याकडूनच पाहिजे. मी दत्तोबाची सुनंदा."

तिनंच सांगितलं. आत्यानं वाढवलं. देगलूरला, धरणावर नव्हे. इंजिनिअरिंगला मात्र विष्णुपुरीलाच होती. आता इथं फिजिक्स शिकवते. शहराच्या कडेला दोन खोल्या बांधल्यात, कॉलम-बीमच्या.

मी हातातलं काम खाली ठेवलं. बुवा वीस वर्षं जे कोणाला बोलले नव्हते ते बोलले. "पोरी, तुझा आबा दिवाळीनंतरचा मागत होता. श्रावण मी काढला."

"ठाऊक हाय. आत्या सांगायची."

कडुनिंबाखालून एक रिक्षा गेली. धूळ खाली बसली. मग ती म्हणाली, ती मुहूर्त मानत नाही, वर्गात पोरांनाही तसंच सांगते. "पण आबांनी मागितलेला दिवस तुमच्याकडं राहिलाय. तेवढा द्या."

बुवांनी पंचांग उघडलं. पान सापडायला त्यांना वेळ लागला. किती, ते मी मोजलं नाही. तुळशीचं लग्न झाल्यावरचा एक दिवस त्यांनी काढला. वेळ कागदावर लिहिली. मग उठून फळीवरचा तांब्या काढला आणि तिच्यापुढं धरला.

तिनं तो ओळखला. हात मात्र पुढं केला नाही. "रिकामा न्हाई घेत मी. त्या दिवशी तिकडंच घेऊन या."

कार्तिकातली सकाळ होती. धुकं एवढं की गंजगोलाईची कमान अर्धीच दिसत होती. बुवांनी गल्लीतल्या नळावर तांब्या भरला. काकूंनी त्यावर आंब्याची पाच पानं ठेवली. मी माझ्या वडिलांचं खिशातलं घड्याळ काढलं, ते मी एरवी दुकानाबाहेर नेत नाही. आम्ही तिघं चालत गेलो. रिक्षा बुवांनी करू दिली नाही, पाणी हिंदकळेल म्हणून. धुक्यातून माणसं यायची आणि जायची. तांब्याकडे बघून वाट द्यायची.

सुनंदा उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. बुवा तिच्यासमोर जाऊन थांबले. मी घड्याळाचं झाकण उघडून काट्यावर नजर ठेवली.

"आता," मी म्हणालो.

बुवांनी तांब्या तिच्या हातात दिला.