हार घातलेला फोटो

चौदा जानेवारीला नांदेडच्या एका कॉलेजात पोरांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा कार्यक्रम ठेवला आणि मुदखेडच्या पंढरीमामांना बोलावलं. मामा रेल्वेतून रिटायर झालेले. पण तरुणपणी याच शहरात शिकताना नामांतरासाठी रस्त्यावर उतरलेले. गेटवरच पोरं म्हणाली, "मामा, तुमच्या टायमाला लई भारी होतं!" भारी कसलं डोंबलाचं! पाठीवर लाठ्यांचे वळ आणि गावाकडून काय बातमी येईल याची धास्ती. पण सणासुदीसारख्या नटलेल्या पोरांपुढं हे कशाला उगाळायचं? मामा नुसते हसले.

हॉलमध्ये शिरले मात्र, आणि दारातच थबकले. स्टेजवर मोठ्ठा फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं मेणबत्त्या. खाली लिहिलेलं, 'शहीद अश्वजित'. आणि फोटो कुणाचा? खुद्द पंढरीमामांचा! आता बोला!

अश्वजित म्हणजे मामांचा जिवाभावाचा दोस्त. मोर्चात डोक्यावर लाठी बसली आणि दवाखान्यातून तो घरी आलाच नाही. मागोमाग गावात त्याचं घर जाळलं. पेटीतले फोटोसुद्धा राख झाले. त्याची थोरली बहीण पंचफुला, उमरीला दिलेली, तिनं त्यानंतर भावाचं तोंड कागदावरही पाहिलं नव्हतं.

मामांनी प्रियदर्शनीला बाजूला घेतलं. कार्यक्रमाची सगळी धावपळ हिचीच. फोटोही हिनंच जुन्या पेपरातून कापून मोठा करून आणलेला.

"पोरी, ह्यो मी हाय."

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं मोबाईलवर पेपरातला अख्खा फोटो काढला. खाली नाव एकच छापलेलं, अश्वजितचं. "मग ते कोणते, मामा?"

मामांनी बोट ठेवलं. त्यांच्याच शेजारी अश्वजित उभा होता. पण घोषणा देताना पंढरीनं मूठ वर केलेली, आणि ती मूठ नेमकी अश्वजितच्या तोंडावर आलेली. दिसत होता नुसता एक कान आणि सदऱ्याची बाही. मामांना त्या हाताचा असा संताप आला! मेला झडला का नाही तेव्हाच! त्यांनी तो हात खिशात घातला.

"काढून टाकते मी फोटो," प्रियदर्शनी रडकुंडीला येऊन म्हणाली आणि वळली.

फोटोपुढं पंचफुलाक्का उभ्या होत्या. पोरांनीच त्यांना उमरीहून गाडी करून आणलेलं. मोतीबिंदूचे डोळे काचेला टेकवून त्या फोटोच्या गालावरून बोटं फिरवत होत्या.

"पंढरी, आलास का रे? आवाज वळखला मी. बघ की, आपला अश्वा. असाच होता न्हाई?"

प्रियदर्शनी त्यांच्याकडं बघत होती.

"हाव आक्का," मामा म्हणाले. "असाच होता."

भाषण मामांनी दोन वाक्यांत आटोपलं. पोरांनी तरी टाळ्या वाजवल्या. आक्कांनी फोटो घरी न्यायला मागितला. बाबासाहेबांच्या शेजारी लावायचा म्हणाल्या. मामांनीच तो हारासकट उचलला आणि गाडीत त्यांच्या मांडीवर नीट ठेवला.

आक्कांनी त्यांचा हात धरला. "तू तर कायम त्याच्या संगं असायचास. तुझा न्हाई का रे एखादा फोटो, त्या वेळचा? दोघांचे शेजारी लावले असते."

"न्हाई आक्का," मामा म्हणाले. "माझा एकबी न्हाई."