बंदीचा तिसरा दिवस

मंजुश्री मॅडमले आमच्याकडं लोक 'दारूवाली मॅडम' म्हणतात. बाईनं जन्मात बाटलीचं झाकण उघडलं नसन, पण नाव पडलं ते पडलं. खामगावच्या एका संस्थेत नोकरी. काम काय, तं आमच्यासारख्या दवाखान्याईले पटवून सांगायचं का बाप्पा, दारू ही बिमारी आहे, तिले शपथ नाही, दवाई लागते. मी वंदना, जळगाव जामोदकडच्या एका गावच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर. तिचं हे डोकं आपटणं मी जवळून पाहून राह्यली, म्हणून सांगते.

ती मूळची चिखलीची. वडील भालचंद्र मास्तर, शाळेत लय हुशार, घरी चोरून पेणारे. घरच्याईनं देवापुढं शपथ घ्याले लावली अन् खोलीत कोंडलं. दारू तं सुटली, पण झटके आले अन् डोकं गेलं. आता ते पोरीलेच विचारतात, "तुम्ही कोणाच्या घरच्या?" तवापासून ही बाई पेटली. ज्याले त्याले धरून सांगन, रोज पेणाऱ्याची दारू एकदम तोडू नका, अंगाले झटके येतात, माणूस भ्रमते, मरतेबी. पहिले काही दिवस गोळ्या द्या, ताकदीची इंजेक्शनं द्या, जवळ बसा. बोलणं-समजावणं त्याच्यानंतर.

ऐकते कोण? पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या दवाखान्यात तिनं शिबिर घेतलं. बॅनर लागलं, समोसे झाले, फोटो निघाले. फोटोत समद्याईले पटलेलं दिसते. मंग तिनं विचारलं, "सर, गोळ्या कधी मागवता?" आमचा चिन्मय डॉक्टर माणूस चांगला आहे हो, बाळंतपणाले जेवण टाकून धावते. पण म्हणे, "मॅडम, त्या गोळ्यांचीच सवय लागते. बेवड्याला नशेची गोळी दिली म्हणून उद्या माझ्यावर शेकलं तर? असे पेशंट आपण खामगावला पाठवू." पाठवू म्हणे! जसं काही खामगाव आमच्या अंगणातच आहे.

त्यातच गावात आडव्या बाटलीचं मतदान लागलं. आडवी बाटली म्हंजे दारूचं दुकान बंद, उभी म्हंजे चालू. मत बायाईनं द्यायचं. पुढारीण होती शालूबाई. तिचा नवरा निवृत्ती चहाच्या आधी पेणारा, नाही पेला तं हातात कपबशी वाजे. मंजुश्री मॅडम स्कुटीवर येऊन येऊन डॉक्टरले हात जोडे. "सर, दुकान बंद होणार. रोजचे पिणारे सगळे एकदमच थरथरायला लागतील. कपाटात काहीतरी ठेवा." डॉक्टर म्हणे, पाहतो. मंग ती शालूबाईकडं गेली, तं शालूबाई भडकली.

"काऊन वो मॅडम, दुकान चालू ठेवू का मंग? थरथरू द्या मुडद्याईले. तेवढंच पाप निघन."

बाटली आडवी झाली. गुलाल उडाला, बाया नाचल्या, मी बी नाचली. दुकानवाल्या सहदेवचा माल पोलिसाईनं नेला, अन् मागच्या खोलीत दडवलेला बायाईनं रस्त्यावर फोडला.

तिसऱ्या दिवशी निवृत्ती भिंतीवरच्या मुंग्या झटकाले लागला. भिंतीवर एक मुंगी नव्हती. घामानं चिंब, डोळे तारवटलेले, बायकोले ओळखे ना. शेजारपाजारच्याईनं ठरवलं, बाहेरचं आहे, लिंबू उतरवा. मी फोन केला अन् मंजुश्री मॅडम धावत आली. दवाखान्यात झटक्यावरचं एकच इंजेक्शन होतं, ते सकाळीच एका लेकराले लागलं होतं. बाकी काय, तापाच्या गोळ्या अन् खोकल्याचं औषध. डॉक्टर पांढराफटक पडला. ॲम्ब्युलन्स बाळंतिणीले घेऊन गेलेली. जीप सांगितली, पण तिले याले वेळ होता.

तवा मंजुश्रीनं शालूबाईले बाजूले घेतलं. "काकू, गाडी येईपर्यंत यांना थोडी दारू द्या. औषध समजून द्या. अगदी थोडी. मी तुमच्या पाया पडते."

शालूबाईनं असं पाह्यलं का मले वाटलं, आता थापड बसते. मंग ती उठली. जिनं गावापुढं दुकान बंद केलं, तीच बाई भर दुपारी सहदेवच्या दारात उभी राह्यली. मी संगं होती. समद्या गल्लीनं पाह्यलं. सहदेव हसला असता तं बरं झालं असतं, दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. तो हात जोडून म्हणे, "वहिनी, देवाशपथ घरात थेंब नाही. तुमच्यासमोरच तं फोडली."

आम्ही परत आलो तवर निवृत्तीले पहिला झटका येऊन गेला होता. जीप आली. दुसरा झटका रस्त्यात आला, अन् खामगावच्या अलीकडंच मंजुश्रीच्या मांडीवर माणूस गेला. ती त्याचं डोकं खाली ठेवाले तयारच नव्हती.

बाया भेटाले आल्या. म्हणे, "दारू सुटून गेला वं माय, पुण्यवान होता."

पुढं शेजारच्या गावानं तेच मतदान मागायचं ठरवलं. ठरावाची सभा लागली, अन् शालूबाईले मानाची पाहुणी म्हणून बोलावलं. ती मंजुश्रीले घेऊन गेली. ते गावबी आमच्याच दवाखान्याखाली, म्हणून डॉक्टर अन् मीबी होतो. शालूबाईनं माईक धरला.

"बाटली आडवी कराच. पण आधी दवाखान्यात जा, कपाट उघडून पाहा. दवाई नसन तं थांबा. मी थांबली नाही."

एकच कालवा झाला. "सहदेवनं पैसे चारले हिले!" "त्या दारूवाल्या मॅडमनं फितवली!" मंजुश्री पुढं झाली, समजावू लागली. कोणीतरी माईकच बंद केला. तरी ती ओरडून सांगतच होती, घसा बसला तरी सांगतच होती. मले इतका राग आला, वाटलं एकेकीले धरून हलवावं.

मंग मागून त्याच गावची गोजरबाई उठली. तिचा हात फडक्यानं गळ्यात बांधला होता. ती ओरडली नाही, भांडली नाही.

"मॅडम, तुमचं खरं असन. पण दवाई कधी येईन?"

मंजुश्रीनं डॉक्टरकडं पाह्यलं. तो खाली मान घालून म्हणे, "मागणी गेली आहे. रोज फोन करतो. कधी येईल ते मला सांगत नाहीत."

"तवरोक माह्यावाला नवरा मले रोज मारन," गोजरबाई म्हणे. "तो मेला तरी चालन. दुकान बंद करा."

बायाईनं हात वर केले, समद्याईनं. गोजरबाईनं बांधला नव्हता तो हात वर केला. मंजुश्री मॅडमनं बंद पडलेला माईक उचलून टेबलावर ठेवला.