न विचारता प्यायलेलं पाणी

"कोण आहे ही? कोणी बसवलं हिला इथं?"

मॅडम दारात उभ्या होत्या. मे महिना, दुपारचे दोन. चंद्रपूरच्या त्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. साहेबांची गाडी तापू नये म्हणून पोर्चवर हिरवी जाळी बांधली होती. त्या जाळीखाली एक बाई बसली होती, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. टाचा चिरलेल्या. कपाळावर आणि दोन्ही हातांवर गोंदण. बाजूला तुंबा. वाळलेल्या भोपळ्याचा, आमच्याकडे रानात पाणी नेतात तो. हातात स्टीलचा गिलास. ती पाणी पीत होती. साहेबांच्या माठातलं.

मी बंगल्याच्या मागून बादली घेऊन आलो होतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या ओळखीची आहे का?"

"नाही, मॅडम," मी म्हणालो.

ती माझी आई होती.

एवढं एक वाक्य लिहायला मला अठरा वर्षं लागली. बायकोला सांगितलं नाही. दारूच्या बैठकीतही कधी तोंडातून सुटलं नाही. तसा मी कमी बोलणारा माणूस. लोक म्हणतात, स्वभावानं शांत आहे. शांत कसला. एक वाक्य दाबून धरलं की बाकीचीही सोबत दाबली जातात.

तेव्हा मी एका सरकारी ऑफिसात रोजंदारीवर चपराशी होतो. कागदावर ऑफिसात, प्रत्यक्षात साहेबांच्या बंगल्यावर. उन्हाळ्यात माझं मुख्य काम कूलर भरणं. बंगल्याला सहा कूलर. एकेकात सात बादल्या, दिवसातून दोनदा. साहेबांच्या कुत्र्याच्या खोलीतला कूलर मी सगळ्यात आधी भरायचो, कारण तो बंद पडला की मॅडम आधी ओरडायच्या.

कामावर ठेवताना मॅडमनी विचारलं होतं, "कुठला तू? जंगलातला नाहीस ना? ती माणसं न सांगता निघून जातात. आणि स्वच्छतेचंही काही खरं नसतं." मी म्हणालो, नागभीडकडचा. धानाची शेती आहे. माझं आडनाव तिकडेही चालतं, इकडेही चालतं. मी गोंड आहे, धानोऱ्याच्या पुढे रानात आमचं गाव आहे, हे मी गिळून टाकलं. त्या गिळण्याच्या जोरावर मला स्वयंपाकघरात जाता येत होतं, माठ भरता येत होता. दोन वर्षं निघाली. साहेब म्हणाले होते, कायम करून घेऊ.

आई का आली होती, ते सांगतो. आमच्या गावात नवा आंबा असाच खात नाहीत. आधी पंडुम होतो, म्हणजे सण. गाव जमतं, देवाला आंबा देतात, मग सगळे खातात. त्याच्या आधी झाडाखाली पिकून पडलेला आंबाही कोणी तोंडाला लावत नाही. त्या वर्षी मी पंडुमला गेलो नव्हतो. सुट्टी मागितलीच नव्हती. मागितली असती तर कशासाठी, ते सांगावं लागलं असतं. आई धरून चालली की पोरगा शहरात बिनआंब्याचा बसला असेल. म्हणून ती पंडुमचे पाच आंबे पळसाच्या पानांत बांधून निघाली. धानोऱ्याहून गडचिरोली, तिथून दुसरी बस. पत्त्याची चिठ्ठी दाखवत दाखवत गोंड राजानं बांधलेल्या परकोटाच्या दरवाजातून बंगल्यापर्यंत पायी.

आणि मी एप्रिलपासून साहेबांच्या घरी उरलेला आमरस खात होतो.

ती न विचारता आत बसली, हीच तिची चूक. पण आमच्या गावात ती चूक नाही. उन्हाळा लागला की आमच्याकडे प्रत्येक घरापुढे मांडव पडतो. चार बल्ल्या, वर जांभळीचा पाला, खाली पाण्याचा रांजण. मांडव घरधन्यानं घातला तरी तो वाटसराचा. कोणीही यावं, बसावं, पाणी प्यावं. विचारायचं नाही. विचारलं तर घरधन्याला राग येतो, म्हणजे तू मला कंजूस समजला काय? फक्त जाताना जवळ जे असेल त्यातलं थोडं रांजणाजवळ ठेवायचं. मोहाची फुलं असोत, चारं म्हणजे चारोळीची फळं असोत, काही नसेल तर लाकडाची एक ढलपी.

आईला ती हिरवी जाळी मांडव वाटली. माठ रांजण वाटला. ती बसली, पाणी प्याली आणि पाचातले दोन आंबे तिनं माठाजवळ ठेवले. घराचा मान. उरलेले तीन माझे.

मी कोपऱ्यावरून वळलो तेव्हा तिनं मला पाहिलं. तोंडभर हसली. माझ्या ओठावर 'यायो' आलं होतं. आम्ही गोंडीत आईला यायो म्हणतो. ते ओठावरच होतं आणि दार उघडलं.

"नाही, मॅडम."

आईचं हसू तिथंच थांबलं. रडली वगैरे नाही. नुसतं थांबलं.

"आता हे पाणी कोण पिणार?" मॅडम म्हणाल्या. "तो माठ फोडून टाक. नवा आण उद्या. आणि हे काय ठेवलंय? उचल ते. काय काय चिकटून येतं यांच्यासोबत."

मी माठ उचलला. अर्धा भरलेला होता. नालीवर नेला आणि सोडून दिला. फुटल्याचा आवाज झाला. पाणी गरम फरशीवर पडून वाळलंसुद्धा. मग परत आलो. माठाच्या जागेजवळचे दोन आंबे उचलले. आईच्या पुड्यातले तीन तिनं स्वतःच पुढे केले. पाचही मी कचऱ्याच्या डब्यात टाकले. हे सगळं मी केलं. मॅडमनी फक्त सांगितलं. करणारे हात माझे होते. गोष्ट सांगताना मॅडमना पुढे करून मी मागे उभा राहू शकतो, एवढं मला कळतं. अठरा वर्षं मनात तेच केलं.

आई उठली. बसली होती ती जागा तिनं पदरानं पुसली. तुंबा खांद्याला लावला. मॅडमना म्हणाली, "चुकलं बाई. पाणी पेली, जातो आता." मग माझ्याकडे वळली. आमच्या दोघांत कधीच मराठी नव्हती. पण ती मराठीत बोलली.

"भाऊ, बसस्टॉप कोनीकडे हाये जी?"

पोटच्या पोराला भाऊ म्हणाली. जी म्हणाली. माझं खोटं तिच्या लक्षात आलं होतं आणि तिनं ते सांभाळलं.

मी हातानं दिशा दाखवली. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, सांगता येत नाही. ती त्या उन्हात निघून गेली. तुंब्यात पाणी होतं की नाही, मी पाहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, "हॉलचा कूलर कोरडा पडलाय." मी त्या दुपारी आणखी तीन कूलर भरले. एकवीस बादल्या.

पाच वाजता सायकल हाणत बसस्टॉपवर गेलो. गडचिरोलीची बस निघून गेली होती.

दिवाळीला गावी गेलो. आईनं भात वाढला, मासे वाढले. "तब्येत बरी हाये ना?" एवढंच. त्या दिवसाबद्दल ना ती बोलली, ना मी. पुढे मी कायम झालो. लग्न झालं. दर वर्षी दुसरंच काही कारण सांगून मी पंडुमला जायचो, सगळ्यांच्या हातावर आई आंबा ठेवायची. माझ्या हातावर नाही. मीही हात पुढे केला नाही. तेव्हापासून मी आंबा खाल्लेला नाही. बायको चंद्रपुरात पाहुण्यांना सांगते, "याइले साखर हाये वाटते, सांगत नाईत."

साहेब बदलत गेले. मी मात्र बंगल्यावरच. भरवशाचा माणूस म्हणून एका साहेबानं दुसऱ्याच्या हाती सोपवलेला. जाळी नवी आली, माठ नवा आला. उन्हाळा तोच. दर वर्षी कोणी ना कोणी सावली पाहून फाटकातून आत यायचं आणि मी त्याला बाहेर काढायचो. गोडीनं काढायचो. "बाई, इथी नाई बसत. तिकडं झाडाखाली जा." आपण ओरडत नाही, यात मी चांगुलपणा मानत होतो.

यंदाचा साहेब तरुण. मला दादा म्हणायचा. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्याच्याकडे पाहुणे होते. व्हरांड्यात कूलर लावून बसले होते. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, विकणारी एक म्हातारी फाटकातून आत आली. टोपली उतरवली, जाळीखाली बसली, माठातून गिलास भरून घेतला.

साहेब हसला. पाहुण्यांना म्हणाला, "बघा, ही इथली गंमत. जंगलातली माणसं. विचारायची पद्धतच नसते यांच्यात." पाहुणेही हसले. मग मला हळूच म्हणाला, "दादा, काढा जरा तिला. आणि ते पाणी ओतून द्या."

या साहेबानं आवाज चढवला नाही. आता कोणी चढवत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित नेहमीसारखा निमूट गेलो असतो. त्या हसण्यानं मात्र काहीतरी उसवलं.

"पद्धत आहे, साहेब," मी म्हणालो.

"काय?"

"न विचारायची पद्धत आहे. मांडवातलं पाणी विचारून प्यालं तर घरधन्याचा अपमान होते आमच्यात."

"आमच्यात म्हणजे? तुम्ही तर नागभीडचे ना?"

"नाही. धानोऱ्याच्या पुढचा. गोंड आहो मी."

पाहुण्यांपैकी एकानं मोबाईल काढला आणि त्यात तोंड घातलं. मी जाळीखाली गेलो. म्हातारीनं गिलास पुढे केला. "आजून एक दे गा बापू. आंग लय तपलं." दिला. ती प्याली, उठली, दोन ओंजळी टेंभरं माठाजवळ ठेवली आणि निघाली. मी ती उचलून व्हरांड्यात साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे घराचा मान आहे, साहेब. फेकायचा नसते."

पाणी ओतलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला बंगल्यावरून काढून रेकॉर्डच्या खोलीत टाकलं. साहेब म्हणाला, "वय झालंय दादा, सावलीतलं काम दिलं तुम्हाला." त्या खोलीला खिडकी नाही. कूलरही नाही. ऑफिसातले म्हणतात, "भाऊ, चांगलं ऐकवलं गा तुमी!" माझी पाठ थोपटतात. मला ती थाप चावते. एका अनोळखी म्हातारीसाठी मी बोललो. जिच्यासाठी बोलायचं होतं, तिच्यासाठी अठरा वर्षांपूर्वी बोललो नाही.

यंदा पंडुमला सुट्टी मागितली. अर्जात खरं कारण लिहिलं, आंब्याचा सण.

आई आता फार थकली आहे. मांडवात बसून चारं फोडत होती. दगडावर चार ठेवायचं, दुसऱ्या दगडानं हाणायचं, दाणा वेगळा करायचा. मी समोर बसलो. आमचं बोलणं गोंडीत झालं. इथं मराठीत लिहितो आहे, म्हणून ते मऊ वाटेल. तसं मऊ नव्हतं.

"यायो, त्या दिवशी..."

"कोन्त्या?"

"चंद्रपूरच्या. मी त्या बाईले म्हणलो, ओळखत नाई."

दगड थांबला नाही. "आयकली ना मी. बहिरी हाओ का?"

"चुकलं माहं."

"थे मले काऊन सांगतं? मले तं तवाच मालूम होतं. ज्याइले मालूम नाई, त्याइले सांग."

तिनं दोनतीन चारं फोडली. मग म्हणाली, "हाये का थे बाई आजून?"

"हाये. साहेब रिटायर झाले. चंद्रपुरातच घर बांधलं."

"मंग?"

"तू चालतं का संगं?"

तेव्हा तिनं दगड खाली ठेवला. "मी कायले येऊ? मी राजाच्या दरवाज्यातून गेली होती. माह्या हातानं पाणी पेली होती. तू राह्यला प्याचा."

काल पंडुम झाला. सगळ्यांच्या हातावर आंबा पडला. माझ्या हातावर नाही. आज सकाळी आईनं पाच आंबे पळसाच्या पानांत बांधून माझ्यापुढे ठेवले.

"दोन तिच्या पाण्याजवळ ठेवजो," ती म्हणाली. "तीन वापस आण. मंग पाहू."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही तसं समजत नाही.

हे मी तिच्या मांडवात बसून लिहितो आहे. उद्या पहिल्या बसनं निघणार. सकाळीच पोचलो तरी त्यांच्या घरी सकाळच्या गारव्यात जाणार नाही. परकोटाच्या दरवाजाजवळ थांबीन आणि दुपारी दोनला जाईन, ती गेली होती तसा, पायी. पोर्चमध्ये सावली असेल तिथं पाय लांब करून बसीन. माठ असेल तर हातानं घेऊन पाणी पिईन. माठ नसेल, आता फ्रीजच असेल, तर कोणी पाणी आणेपर्यंत उठणार नाही. मॅडम बाहेर येतील. म्हाताऱ्या झाल्या असतील. मला ओळखतील, म्हणतील, अरे तू? तेव्हा सांगीन, तुम्ही जिचा माठ फोडायला लावला ती माझी यायो होती. आणि फोडला मी. त्यांनी बस म्हटलं तरी, ऊठ म्हटलं तरी, हे पूर्ण सांगूनच उठीन.

आणि फाटक उघडताना विचारणार नाही.