जिन्यातली माफी

आमच्या सुलतान बाजारातील व्यापारी संघटनेची स्मरणिका निघायची होती, आणि तिच्या कच्च्या मजकुरात माझ्याविषयी एक वाक्य होते: मी संघटनेची माफी मागितली. हे वाक्य मी माझ्या हयातीत छापू देणार नव्हतो. माफी न मागणे हे माझे एकच भांडवल असे, की ज्यावर कोणत्याही सरकारला कर लावता आला नाही.

प्रकरण चाळीस वर्षांपूर्वीच्या एका फळीचे. संघटनेचा एक नियम होता, त्याला आम्ही पायरीचा नियम म्हणत असू. कापडाची दुकाने एकमेकांना खेटून; दोघे दुकानदार एकाच वेळी हाका मारू लागले की गिऱ्हाईक गांगरून तिसऱ्याकडे जाई. म्हणून ठरले होते की, गिऱ्हाइकाचे पाऊल ज्याच्या पायरीवर पडले, ते त्याचे. ते खाली उतरेपर्यंत शेजाऱ्याने हाक मारायची नाही, दारात उभे राहून साडीचा पदरही हलवायचा नाही. हा नियम त्या वेळच्या अध्यक्षांना सुचला असे आता सांगतात. सांगोत. एका वेळी एकच खोटे मी खोडून काढतो.

माझ्या दुकानापुढून मोरी वाहत असे. वयस्क बायकांना ती ओलांडता यावी म्हणून मी पायरीपासून रस्त्यापर्यंत एक सागवानी फळी टाकली आणि चार खिळ्यांनी पायरीला ठोकली. ठोकली म्हणजे ती पायरीच झाली. मोरी शेजारच्या दुकानापुढूनही वाहत होती. तिकडे उडी मारून जावे लागे. तेव्हा त्याच्याकडे निघालेल्या बायकाही माझ्या फळीवरून येऊ लागल्या, आणि नियमाप्रमाणे माझ्या झाल्या. मी काहीही केले नाही. मी फक्त "या, बसा" म्हणत होतो.

शेजारीही साड्या आणि ब्लाउजपीसच विकायचा, आणि संघटनेचा सचिवही तोच होता. तक्रार झाली, सभा भरली. मिठाईच्या दुकानावरची ती खोली आणि तिचा तो अंधारा, उभा जिना आजही तसाच आहे. अध्यक्ष म्हणाले, "फळी उचला आणि माफी मागा. नाहीतर नाव कमी करावं लागेल."

नाव कमी होणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचे नाही. महापालिकेचा माणूस मोजपट्टी घेऊन दारात आला की बाजार आपल्यामागे उभा राहतो की नाही, एवढाच त्याचा अर्थ. ज्याची फळी रस्त्यावर आली आहे, त्याला हा अर्थ फार लवकर समजतो.

मी म्हणालो, "फळी उचलतो. माफी कशाची? पायरी किती हात लांब असावी हे नियमात कुठं लिहिलंय, ते दाखवा." कोणालाही दाखवता आले नाही. मी उठलो आणि जिना उतरू लागलो. सचिव माझ्यामागे धावत आला. जिन्यात त्याला मी जे बोललो ते छापण्यासारखे नाही. परंतु ती माफी नव्हती, हे कोणत्याही भाषेत ओळखू आले असते.

नाव कमी केल्याचे पत्र आले नाही. संघटना माझ्या युक्तिवादापुढे नमली, असे मी चाळीस वर्षे सांगत आलो.

म्हणून गेल्या वर्षी तो कच्चा मजकूर हातात पडताच मी तो जिना चढलो. हल्लीची सचिव एक तरुण मुलगी आहे. चिक्कडपल्लीत तिचे तयार कपड्यांचे दुकान आहे आणि वडिलांची जुनी गादी इथे. शेजारी आधीच येऊन बसला होता. मुलीने सभांची जुनी वही माझ्यापुढे सरकवली.

"काका, तुम्हीच पढून सांगा ना. मला मराठी हाताने लिहिलेलं बराबर येत नाही. ह्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं."

मी चष्मा लावला. अक्षर शेजाऱ्याचे. 'सदर सभासदाने फळी उचलण्याचे मान्य केले व सचिवांजवळ जिन्यात दिलगिरी व्यक्त केली.'

"जिन्यात?" मी विचारले.

"तिथं तिसरं कोणी नव्हतं," शेजारी म्हणाला.

"खोटं लिहिलंस तू."

"हौ, लिहिलं. खरं लिहिलं असतं तर तुझं नाव त्याच दिवशी कापलं असतं."

"माझी एवढी काळजी?"

"तुझी कशाला? तुझ्या फळीवरून बायका वर यायच्या, तुझा भाव ऐकायच्या, खाली उतरायच्या आणि माझ्याकडं यायच्या. तू गेला असतास तर तुझ्या जागी एखादा शहाणा आला असता."

मुलगी कच्च्या मजकुराच्या कागदांत तोंड घालून बसली. तिचे खांदे हलत होते.

"मग तक्रार का केलीस?"

"पहिल्या आठवड्यात केली. बायका उतरतात हे दुसऱ्या आठवड्यात कळलं. तोवर सभा लागली होती."

मुलीने सावरून विचारले, "काका, मग काय छापू? माफी काढून टाकू का?"

मी शेजाऱ्याकडे पाहिले. माफी काढली तर सचिवाने खोटे लिहिले असे छापावे लागणार होते. आणि त्या खोट्याच्या आधारावर मी पुढची सारी वर्षे बाजारात उभा होतो. मी म्हणालो, "वहीत आहे तसं राहू दे."

उतरताना शेजाऱ्याचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून त्याने माझा दंड धरला. मधल्या वळणावर मी त्याला सांगितले, की फळी वीतभर जास्त लांब होती.

"झालं," तो म्हणाला. "आता वहीतलं खरं झालं."

स्मरणिका छापून आली आहे, ते वाक्य तिच्यात आहे आणि बाजारातली पोरे ते मला वाचून दाखवतात. त्यांच्या माहितीसाठी सांगतो: फळीचे माप सांगणे म्हणजे माफी नव्हे. आणि असलीच, तरी वहीत लिहिले त्या दिवशी ती मागितलेली नव्हती.