शेजारच्या सीटवर

कालव्याचा पूल मागे पडला तरी दादा थांबायचं नाव घेईना. धाकटी बहीण मागून धापा टाकत येत होती.

"अरे, फिरायला आलोय की पोलीस मागे लागलेत?"

तो थांबला, पण नुसता नावाला. पाय जागच्या जागी चाळवतच होते.

दादाने उभी हयात बस चालवली. घाटातसुद्धा प्रवाशांना डुलकी लागावी असा त्याचा हात. निवृत्त झाल्यावर मात्र घरात जीव रमेना. चालू घड्याळ उघडून बस, लावलेले डबे पुन्हा लाव. शेवटी वहिनीच म्हणाली, "काहीतरी धंदा काढा, नाहीतर मी नोकरी धरते!"

म्हणून साठीच्या तोंडावर त्याने ड्रायव्हिंग स्कूल काढलं. जुनी गाडी घेतली, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक बसवून घेतला, टपावर पाटी लावली. देवाला हात जोडून पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर बसला, आणि तिथंच घोडं अडलं. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग देऊन तो कधी बसलाच नव्हता. शिकणाऱ्याने वळण घेतलं की याचा हात मध्ये. पहिली मुलगी रडत उतरली. नंतरचा कापडदुकानदार तर तोंडावर म्हणाला, "काका, गाडी तुम्हीच चालवणार असाल तर मी मागे झोपतो."

"उद्या एक नवीन बाई येणार आहेत," दादा म्हणाला. "त्याही गेल्या तर पाटी उतरवायची नि गाडी विकून टाकायची."

"मग हात मांडीखाली दाबून बस ना!"

"बसलो होतो. मग तोंड सुरू झालं."

तिला हसू फुटणार होतं, पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिने ते गिळलं. देवा, याला जरा स्वस्थता दे रे, ती मनात म्हणाली. मोठ्याने म्हणाली ते वेगळंच, "लहानपणी माझ्या सायकलचं सीट तू सोडलंस का कधी? अजून येत नाही मला."

दादाचे चाळवणारे पाय थांबले.

"चिमे, आज संध्याकाळी मैदानात तू गाडी चालव."

"मी? वेड लागलंय का तुला?"

"तू भरपूर चुकशील, आणि तरी उतरून जाणार नाहीस. माझे हात गप्प राहायला शिकेपर्यंत चालव. चालवशील ना?"